दाटी

बाहेर उणे चौतीस. थंडर बेच्या नळांनी
रात्रीच हाय खाल्ली आहे.
खाली तळघरातल्या सॉनात मात्र
जून चालू आहे, दिवसाचे अठरा तास,
टायमरवर.

आई गेल्यापासून सॉना कुणी तापवला नव्हता.
कोपऱ्यात दगडांची भट्टी तशीच,
तिच्यावर पाणी शिंपायचा लाकडी डाव तसाच.
ज्या बाकावर ती घामेजून बसायची,
डोळे मिटून, अवाक्षर न काढता,
तिथे आता चार कुंड्या.
चारच. कायदा चारांना हो म्हणतो,
आणि वेइक्को हेइस्कनेन, माझे बाबा,
कायद्याबाहेर रोपाचं पिल्लूही ठेवायचे नाहीत.

पानं मात्र बेसुमार.
बुटकी, रुंद झाली आहेत रोपं, पानावर पान,
आत हात घातला की मनगटापर्यंत अंधार.
खालच्या फांद्या न सांगता पिवळ्या पडल्या,
खोडाशी ओल धरली,
पावाला बुरशी यायच्या आदल्या दिवशी येतो
तसा वास.
मी म्हटलं, बाबा, श्वास कोंडतोय त्यांचा.
बाबांनी 'यो' म्हटलं, श्वास आत ओढत,
आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात तसं.
त्याचा अर्थ हो, किंवा विषय संपला.

बांधणं त्यांना जमतं.
नोव्हेंबरात शेंडे मी खुडले, वाकवलं त्यांनी.
आईचा अर्धा राहिलेला मोजा उसवून
त्या लाल लोकरीने एकेक फांदी
कुंडीच्या काठाशी ओढली.
आधी दोन बोटांत चोळायची, मऊ करायची,
मग वाकवायची, आणि कट् होण्याच्या
बरोबर अलीकडे थांबायचं.
हे 'अलीकडे' त्यांना कुठून कळतं
कोण जाणे.

चाळीस वर्षं हा माणूस जंगलात होता.
निपिगॉनच्या वर स्प्रूसच्या रांगाच्या रांगा,
सकाळी करवत सुरू केली की
दुपारपर्यंत आभाळ मोठं व्हायचं.
करवतीनेच त्यांची बोटं नेली.
तोडली नाहीत, विझवली:
थंडीत मेणासारखी पांढरी पडतात
आणि रात्री आतून पेटतात.
त्या रात्रींसाठी ही रोपं.

आणि आता नखाएवढ्या कात्रीसमोर
पाऊण तास बसून आहेत.

शेवटी म्हणाले,
झाड पडताना आवाज होतो.
याचा होत नाही.
कळणार कसं, किती झालं ते?

मग मी कात्री घेतली.
कापत गेले, आणि मोठ्याने मोजत गेले.
यक्सी. काक्सी. कोल्मे.
थाळीएवढी पानं, ज्यांच्या सावलीत
कोवळे फुटवे उपाशी होते;
तळाच्या काडीसारख्या फांद्या,
ज्यांचं काहीच होणार नव्हतं.
बाबा खाली मान घालून आकडे ऐकत होते,
मध्येच बोट वर करायचे: हे नको. ते, त्याच्या मागचं.
एकोणिसाव्याला म्हणाले, पुरे.
उरलेलं पुढच्या रविवारी.
एकदम सगळं काढलं की भांबावतं ते.

उजेड प्रथमच खाली उतरला,
पानांतून, लोकरीतून, बाकाच्या फळीवर.
तिथे पाण्याचा एक जुना डाग होता.
आम्ही दोघांनी पाहिला.
बादली उचलायला उगाच घाई केली.

राळ साबणाला दाद देत नाही.
माझी बोटं एकमेकांना चिकटलेली, काळपट.
बाबा वर गेले, लोण्याची डबी घेऊन आले.
जंगलातून परतल्यावर आई त्यांच्या हातांवर
हेच चोळायची, स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच.
आता ते माझा हात धरून चोळताहेत.
त्यांच्या बोटांना काही कळत नसणार,
तरी नखाच्या कडेला राहिलेलं
बरोबर शोधून काढताहेत.

लोणी खारट आहे.
कात्रीचा एक ओरखडा चुरचुरतो.
मी सांगत नाही.